दोन टोकांची तार

दोन संगणक शेजारी शेजारी ठेवायचे, मधे एक तार जोडायची आणि एकातली माहिती दुसऱ्यात घ्यायची. ऐकायला काम हातभर अंतराचे वाटते. पण ज्यांनी ते करून पाहिले आहे त्यांना विचारा. दोन्ही यंत्रे चालू, तार घट्ट बसलेली, आणि तरी दोघांत अबोला. मग गल्लीतल्या एखाद्या जाणत्या पोराला निरोप जातो. तो येतो आणि खुर्चीत बसण्याआधीच विचारू लागतो : तार सरळ आहे की क्रॉस? मागचा दिवा लागतो का? आयपी काय दिलाय? पिंग करून पाहिलं? फायरवॉल चालू आहे का?

श्रोतेहो, मला नवल वाटते ते या प्रश्नांच्या क्रमाचे. गाव बदलले, पोरगा बदलला, तरी क्रम सहसा बदलत नाही. त्याने ते प्रश्न वर्गात किंवा एखाद्या उस्तादाच्या हाताखाली पाठ केलेले असतात. पण त्यांतला एकेक प्रश्न म्हणजे कधी काळी कुणाची तरी झोप उडवून गेलेले कोडे आहे. प्रत्येकाला साल आहे, बहुतेकांना गाव आहे, काहींना तर माणसाचे नावही आहे. आज त्या प्रश्नांचा माग काढत थोडे मागे जाऊ.

‘सरळ की क्रॉस’ हा यातला सर्वांत जुना. त्याचे मूळ १९६० सालात आहे. त्या वर्षी अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने आरएस-२३२ नावाचे एक मानक ठरवले. यंत्राच्या पाठीमागच्या खोबणीत कोणत्या पिनेवर काय असावे, याचा तो करारनामा. या करारात दोनच पक्ष होते. एका बाजूला टर्मिनल, म्हणजे ज्याला बोलायचे आहे ते यंत्र. दुसऱ्या बाजूला मोडेम, म्हणजे त्याचे बोलणे टेलिफोनच्या तारेवर चढवून देणारा हमाल. टर्मिनलने दोन नंबरच्या पिनेवर बोलायचे, मोडेमने दोन नंबरवर ऐकायचे. मोडेमने तीन नंबरवर बोलायचे, टर्मिनलने तीन नंबरवर ऐकायचे. दोनाला दोन, तीनाला तीन, सरळ तार जोडली की काम झाले.

करार करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर चित्र असे होते, की दोन यंत्रे कुठेतरी दूर असणार आणि त्यांच्यामध्ये दोन मोडेम व टेलिफोन कंपनी असणार. दोन यंत्रे एकाच टेबलावर येऊन बसतील आणि मध्यस्थाशिवाय बोलू म्हणतील, ही सोय त्या करारात नव्हती. तशी ती येऊन बसली, तेव्हा पंचाईत झाली. दोघेही टर्मिनल. दोघेही दोन नंबरवर बोलू लागले आणि दोघेही तीन नंबरवर कान लावून बसले. एकाचे तोंड दुसऱ्याच्या तोंडाला, एकाचा कान दुसऱ्याच्या कानाला. तार शाबूत, यंत्रे शाबूत, आणि शब्द कुठेच पोचत नाही.

उपाय सोपा निघाला. तारेच्या पोटात दोन आणि तीन यांची अदलाबदल करायची, म्हणजे इकडचे तोंड तिकडच्या कानाला लागते. या तारेला नाव पडले ‘नल मोडेम’. नल म्हणजे शून्य, नसलेला. आपल्याकडे नल म्हटले की दमयंती आठवते आणि दोघांमध्ये निरोप नेणारा हंस आठवतो. इथे हंसच नाही. तारेची वीण अशी बदललेली, की दोन्ही यंत्रांना वाटावे, मधे निरोप्या आहे. काही तारांत तर याहून गंमत असे. बोलण्याआधी यंत्राला समोरून ‘मी तयार आहे’ असा इशारा लागायचा. तो देणारा मोडेम नसल्यामुळे कारागीर यंत्राचा स्वतःचाच ‘मी तयार आहे’ हा इशारा वळवून त्याच्याच दुसऱ्या पिनेवर आणून सोडत. यंत्र स्वतःचेच उत्तर ऐकून खूश होई आणि बोलायला लागे. शब्दांत गुंतलेल्या माणसाला हा प्रकार अगदीच अनोळखी वाटू नये.

पुढे १९८४ मध्ये आयबीएमने पीसी-एटी हा संगणक काढला आणि त्यावर पंचवीस पिनांऐवजी नऊ पिनांची खोबण दिली. जागा वाचली, पण नव्या खोबणीत दोन नंबरवर ऐकणे आणि तीन नंबरवर बोलणे आले. जुन्याच्या नेमके उलटे. परिणाम असा, की नवा संगणक जुन्याला जोडताना दोनाला दोन आणि तीनाला तीन असे सरळ जोडले की आपोआप क्रॉस व्हायचे, आणि हुशारीने क्रॉस करायला जावे तर बोलणे बंद पडायचे. त्या काळात ज्यांनी डाग देऊन तारा बनवल्या त्यांचा किती संताप झाला असेल याची कल्पना करावी.

अशा तारांची गरजही तेव्हाच वाढली. मांडीवर मावणारे संगणक आले, त्यांत साडेतीन इंची फ्लॉपी. टेबलावरच्या संगणकात सव्वापाच इंची. एकाची तबकडी दुसऱ्यात शिरेना. तिथे ट्रॅव्हलिंग सॉफ्टवेअर या कंपनीचे लॅपलिंक कामी आले. एक तार, एक प्रोग्राम, आणि माहिती इकडून तिकडे. एमएस-डॉसच्या सहाव्या आवृत्तीत १९९३ मध्ये आणि मग विंडोज ९५ मध्ये ही सोय घरचीच झाली.

आता थोडे मागे, १९६९ च्या एका रात्रीकडे. कारण तारेवरचा बिघाड ओळखायचा कसा, याचा एक फार मोठा धडा त्या रात्री आहे. २९ ऑक्टोबर १९६९. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात चार्ली क्लाइन नावाचा विद्यार्थी प्रोग्रामर बसला आहे. सुमारे साडेपाचशे किलोमीटर वर, मेन्लो पार्कच्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत बिल ड्युव्हल बसले आहेत. दोन्हीकडे एकेक मोठा संगणक, प्रत्येकाशेजारी कपाटाएवढा एकेक निरोप्या संगणक आणि मधे भाड्याने घेतलेली टेलिफोनची वाहिनी. आज आपण ज्याला इंटरनेट म्हणतो त्याचा हा पहिला धागा, अर्पानेट. क्लाइनला ‘लॉगिन’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत टंकायचा होता. त्याने ‘एल’ टंकला. मग ‘ओ’. मग ‘जी’ टंकला, आणि तिकडची यंत्रणा कोसळली.

कारण कळल्यावर हसू येते. तिकडचा संगणक समजूतदार होता. तिसरे अक्षर मिळताच पुढचा शब्द ओळखून तो उरलेली अक्षरे एकदमच परत पाठवू पाहत होता. पण मधल्या प्रोग्रामने एका वेळी एकाच अक्षराची जागा ठेवली होती. अक्षरे आली तीन, पाट एक. सांडलवंड झाली. तासाभरात जागा वाढवली आणि मग पूर्ण शब्द पोचला. विद्यापीठातल्या नोंदवहीत साडेदहाची वेळ घालून एक ओळ लिहिलेली आहे, स्टॅनफर्डशी यंत्र ते यंत्र बोलणे झाले, एवढ्याच अर्थाची.

पण ‘एल’ पोचला, ‘ओ’ पोचला आणि ‘जी’ ला घात झाला, हे क्लाइनला कळले कसे? दोघांच्या कानांना टेलिफोन होता. एक अक्षर टंकायचे आणि विचारायचे, आला का? तिकडून उत्तर, आला. म्हणजे तारेवरचे पहिले बोलणे दुसऱ्या तारेच्या आधाराने झाले. एकच वाट असेल आणि तिच्यावर शांतता असेल, तर माझा शब्द पोचला नाही की त्याचे उत्तर परतले नाही, हे इकडे बसून सांगता येत नाही. जुना ट्रंक कॉल आठवणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. आपण ‘हॅलो, ऐकू येतंय का?’ म्हणून ओरडतो, समोरचाही तेच ओरडत असतो, आणि दोघांनाही वाटते दोष पलीकडे आहे.

टेलिफोन न घेता, त्याच तारेवरून, समोरचा जागा आहे का हे विचारता येईल का? या प्रश्नाचे उत्तर यायला चौदा वर्षे लागली. ते येईपर्यंत तारही बदलली होती. कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ यांनी २२ मे १९७३ रोजी एक टिपण लिहिले आणि त्यात इथरनेट हे नाव आले. डेव्हिड बॉग्ज यांच्यासोबत त्यांनी ते उभे केले. एक जाडजूड कोअॅक्सिअल केबल, आपल्या टीव्हीच्या केबलच्या जातीची, साऱ्या इमारतीतून फिरवायची आणि सगळ्यांनी तिच्यावरच बोलायचे, तिच्यावरच ऐकायचे. इथे तोंड आणि कान वेगळे नव्हते, म्हणून सरळ-क्रॉसची भानगडही नव्हती. दोघे एकदम बोलले तर दोघांनी थांबायचे, थोडा अदमासाने ठरवलेला वेळ जाऊ द्यायचा आणि पुन्हा बोलायचे. आपल्या चर्चासत्रांना हा नियम कधी लागू होईल कोण जाणे!

या इथरनेटची पुढे पातळ तारेची स्वस्त आवृत्ती आली. प्रत्येक संगणकामागे टी आकाराचा जोड आणि केबलच्या दोन्ही टोकांना पन्नास ओहमची एकेक टोपी, टर्मिनेटर. ती टोपी नसेल तर तारेच्या टोकावर आदळून शब्द माघारी फिरतो आणि पुढच्या शब्दात मिसळून सगळा कालवा करतो. साखळीतला एक जोड सैल झाला, की सारे कार्यालय मुके. आणि तो सैल जोड कुठला, हे शोधायला टेबलाखाली रांगत जाण्यावाचून इलाज नसे.

डिसेंबर १९८३ मध्ये मेरिलँडच्या अॅबर्डीन येथील अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत माइक म्यूस नावाचा पंचवीस वर्षांचा तरुण जाळ्यातल्या अशाच एका विचित्र बिघाडाने वैतागला होता. इंटरनेटच्या नियमांत १९८१ पासून एक तरतूद होती : कुणी ‘प्रतिध्वनी दे’ असा निरोप पाठवला, तर तो जसाच्या तसा परत करायचा. म्यूसने शिक्षणाच्या काळात सोनारचे गणित केले होते. पाणबुडीतून ध्वनीचा ठोका सोडायचा आणि तो कशावर तरी आपटून परत येण्याची वाट पाहायची. त्या ठोक्याचा आवाज म्हणजे पिंग. त्याने एका संध्याकाळी हजारेक ओळींचा छोटा प्रोग्राम लिहिला आणि त्याला तेच नाव दिले.

पिंग काय करतो? एक हाक सोडतो, घड्याळ लावतो, हाक परतली की वेळ सांगतो. बस्स. ज्या प्रतिध्वनीने कोअॅक्सिअल तारेवर कालवा व्हायचा, तोच प्रतिध्वनी इथे पुरावा झाला. आता टेलिफोन लागत नाही. म्यूस यांनी स्वतः एक किस्सा लिहून ठेवला आहे, त्यांना एका परिषदेत कुणीतरी सांगितलेला. एका जाळे सांभाळणाऱ्याच्या इथरनेटमध्ये अधूनमधून बिघाड व्हायचा. त्याने पिंगला बोलणाऱ्या प्रोग्रामची जोड दिली, आवाज कचेरीतल्या स्टीरिओवर मोठा करून सोडला आणि स्वतः इमारतभर हिंडत एकेक जोड हलवू लागला. संगणक दर सेकंदाला ओरडतोय, पिंग, पिंग, पिंग. ज्या जोडाला हात लावल्यावर ओरडणे थांबले, तोच चोर. ही युक्ती मला त्या सगळ्या यंत्रणांपेक्षा थोर वाटते. म्यूस नोव्हेंबर २००० मध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेले, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. हा प्रोग्राम आपले सर्वांत प्रसिद्ध काम ठरेल हे ठाऊक असते, तर त्यावर आणखी एकदोन दिवस दिले असते, असे त्यांनी गमतीने म्हटले होते.

दोन संगणकांच्या जोडणीत पिंगचा उपयोग पायरीपायरीने करायचा असतो. आधी १२७.०.०.१ या पत्त्याला हाक. हा पत्ता प्रत्येक यंत्राचा स्वतःचा, ही हाक तारेवर जातच नाही. ती परतली नाही तर दोष आपल्याच पोटात. मग स्वतःला दिलेला पत्ता. आणि त्यानंतर समोरचा.

इथरनेटने १९९० मध्ये पुन्हा कूस बदलली आणि टेलिफोनसारखी पीळ दिलेली तार घेतली. तारांच्या जोडीला पीळ देण्याची कल्पना अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांची, १८८१ चे पेटंट. पीळ असला की बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच चढतो आणि वजाबाकीत उडून जातो. या तारेसोबत जुने दुखणेही परत आले, कारण आता बोलण्याची जोडी वेगळी आणि ऐकण्याची वेगळी. संगणक एक आणि दोन नंबरवर बोलतो, तीन आणि सहावर ऐकतो. तीन आणि सहा असे तुटक का? मधल्या चार आणि पाच या पिना टेलिफोनच्या होत्या, त्या सोडून दिल्या. या छोट्या प्लास्टिकच्या चौकटीत जुन्या टेलिफोनची जागा राखून ठेवलेली होती.

संगणक आणि हब यांच्यात सरळ तार चाले, कारण अदलाबदल हबच्या पोटात केलेली असे. दोन संगणक थेट जोडायचे तर मात्र क्रॉस केबल हवी. २००० च्या आसपास आपल्याकडे गावोगाव सायबर कॅफे निघाले, तेव्हा क्रिम्पिंगचा पकड हातात घेतलेली पोरे रंगांचा पाढा म्हणत : नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. एका टोकाला हा पाढा, आणि क्रॉससाठी दुसऱ्या टोकाला नारिंगीच्या जागी हिरवी व हिरवीच्या जागी नारिंगी. रंगाला वीज ओळखत नाही. पण पाढा चुकून तीन आणि सहा वेगवेगळ्या पिळाच्या जोड्यांत गेल्या, तर टेस्टरचे सगळे दिवे लागतात आणि वेग वाढला की बोलणे तुटते. हा दोष भल्याभल्यांना चकवतो.

मागचा दिवा विचारतात तो याच काळातला. तार रिकामी असतानाही यंत्र दर सोळा मिलिसेकंदांनी एक बारीक ठोका सोडते, आणि समोरच्याचा ठोका ऐकू आला तरच आपला दिवा लावते. म्हणजे माझ्या यंत्रावरचा दिवा समोरच्याची नाडी दाखवतो. एकीकडे दिवा लागला आणि दुसरीकडे नाही, तर एकाच दिशेची जोडी तुटली आहे हे तिथेच कळते.

सरळ-क्रॉसचा तंटा शेवटी एचपी कंपनीतल्या अभियंत्यांनी मिटवला. यंत्रानेच आपले तोंड आणि कान अदलून पाहावेत, जुळले की थांबावे. पण दोघांनी एकाच वेळी अदलाबदल केली तर? अरुंद बोळात समोरासमोर आलेली दोन माणसे एकमेकांना वाट द्यायला एकाच बाजूला सरतात, मग पुन्हा दोघेही दुसऱ्या बाजूला, तसे चालले असते. म्हणून अदलाबदल करायची की नाही हे प्रत्येक यंत्र छापा-काट्यासारखे मनाशी ठरवते. अर्ध्या सेकंदात बहुधा जमते. १९९९ मध्ये तांब्याच्या तारेवर गिगाबिटचा वेग आला. त्यात चारही जोड्यांवर दोघे एकाच वेळी बोलतात आणि ऐकतात. आजच्या यंत्रांना म्हणून कोणतीही तार चालते. जुन्या यंत्रापुढे मात्र पोराचा पहिला प्रश्न आजही पहिलाच.

पत्त्याची गोष्ट थोडक्यात. घरगुती वापराचे १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते १९९४ मध्ये राखून ठेवले गेले. दोन यंत्रे थेट जोडली की पत्ते वाटणारा मधे कुणी नसतो. विंडोज ९८ पासून अशा वेळी यंत्र वाट पाहून कंटाळते आणि १६९.२५४ ने सुरू होणारा एखादा पत्ता स्वतःच घेते. दोघांनी तसे घेतले तर दोघांचे जमते. एकाने हाताने दिलेला आणि दुसऱ्याने स्वतःच घेतलेला असेल तर जमत नाही. दोघे एकाच तारेवर असूनही एकमेकांना परगावचे समजतात आणि वेशीचा रस्ता शोधत बसतात. वेस तर तिथे नसतेच.

आता शेवटचा प्रश्न, फायरवॉलचा. ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीची दुसरी मोठी दुरुस्ती आली. इंटरनेटवरून धडकणाऱ्या किड्यांनी त्याआधीच्या वर्षी हाहाकार केला होता, म्हणून मायक्रोसॉफ्टने प्रत्येक यंत्राचे दार आतून लावून दिले. या बंद दारामागचा संगणक पिंगची हाक ऐकतो आणि गप्प राहतो. तार बरोबर, दिवा लागलेला, पत्ते बरोबर, आणि पडद्यावर एकच ओळ : उत्तराची वेळ संपली. त्यानंतर कित्येकांनी चांगल्या तारा कापून पुन्हा बनवल्या असतील.

अशा वेळी तो जाणता पोरगा एक गोष्ट करतो. पिंग गप्प झाल्यावर तो एआरपीची यादी उघडतो. १९८२ मध्ये डेव्हिड प्लमर यांनी मांडलेला हा नियम. तारेवर कुणालाही निरोप द्यायच्या आधी यंत्र मोठ्याने विचारते, ‘हा पत्ता कुणाचा?’ आणि ज्याचा असेल त्याला आपल्या यंत्राचा कारखान्यात कोरलेला क्रमांक सांगावा लागतो. त्याशिवाय पुढचे काहीच होऊ शकत नाही, म्हणून दार लावून बसलेले यंत्रही या प्रश्नाला उत्तर देते. पोरगा यादीत बोट फिरवतो, समोरच्या पत्त्यापुढे तो बारा आकडी क्रमांक आलेला दाखवतो आणि म्हणतो, ‘तार चांगली आहे. तो आहे तिथेच.’ मग उठून पलीकडच्या संगणकासमोर जाऊन बसतो.